बॉक्सवर हजार वॅट, तरी ॲम्प्लिफायर ‘प्रोटेक्ट’मध्ये का जातो? घरच्या ‘जड’ स्पीकरसाठी पॉवर ॲम्प निवडताना काय बघायचं?

मे महिन्यातली दुपार. जुळे सोलापूरमधला मामांचा फ्लॅट. बाहेर पारा ४० च्या पुढे, आत पंखा फुल्ल स्पीडवर आणि तरी घामाच्या धारा.

मामा नुकतेच रिटायर झाले होते. रिटायरमेंटच्या पैशातून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी एक हौस केली. पुण्याला शिफ्ट होणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून कमरेएवढ्या उंचीचे, वापरलेले स्पीकर घेतले. ॲम्प्लिफायर वेगळा घ्यायची गरज वाटली नाही, कारण टीव्हीखालच्या कपाटात होम थिएटरचा रिसीव्हर होताच. आणि त्याच्या बॉक्सवर ठळक अक्षरात लिहिलं होतं, १०५० वॅट.

स्पीकर जोडले. पहिलं काय लावायचं, यावर घरात चर्चाच झाली नाही. ‘सैराट’. करमाळा तालुक्यात शूट झालेला, आपल्या जिल्ह्यातल्या नागराज मंजुळेंचा पिक्चर. अजय-अतुलनी २०१६ च्या या पिक्चरसाठी हॉलिवूडमध्ये जाऊन मोठा सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला होता. मामांनी आवाज वाढवला, अजून वाढवला. तासभर मजा आली. मग ऑर्केस्ट्रा चढत चढत वर गेला आणि ‘टक्’. आवाज बंद. रिसीव्हरच्या डिस्प्लेवर एकच शब्द, ‘प्रोटेक्ट’.

“हजार वॅट लिहिलेत की बे ह्याच्यावर! अजून किती पाहिजेत?” मामा माझ्यावरच वैतागले.

पुढच्या आठवड्यात तीन ठिकाणी विचारून झालं. एक जण म्हणाला, स्पीकर खराब आहेत. दुसऱ्याने दोन लाखांचा ॲम्प दाखवला. तिसरा म्हणाला, कशाला डोक्याला ताप, डीजेचा ॲम्प टाका. मामा स्पीकर विकायलाच निघाले होते.

खरं तर स्पीकर ठणठणीत होते. रिसीव्हरही बिघडला नव्हता. बिघडली होती ती दोघांची जोडी. ही जोडी कशी जुळवायची, तेच आज समजून घेऊया.

आधी हे सांगा, पॉवर ॲम्प म्हणजे नेमकं काय?

ॲम्प्लिफायरच्या पोटात दोन कामं चालतात. पहिलं काम प्री-ॲम्पचं. मोबाइल, टीव्ही, सीडी यातून आलेला सिग्नल निवडायचा, त्याचा आवाज कमी-जास्त करायचा. दुसरं काम पॉवर ॲम्पचं. तो बारीक सिग्नल घ्यायचा आणि स्पीकरचा कोन प्रत्यक्ष ढकलता येईल एवढी ताकद त्याला द्यायची.

दोन्ही कामं एकाच डब्यात असली की त्याला इंटिग्रेटेड ॲम्प म्हणतात. त्यात पाच-सात चॅनेल, एचडीएमआय, रेडिओ वगैरे आलं की तो होम थिएटर रिसीव्हर. फक्त दुसरं काम करणारा डबा म्हणजे पॉवर ॲम्प. स्पीकर जड असेल तर सगळा खेळ या दुसऱ्या कामावर येतो.

मग हजार वॅटचं काय झालं?

मामांच्या रिसीव्हरला सात चॅनेल होते. प्रत्येकी १५० वॅट. सात गुणिले १५० म्हणजे १०५०. झाला बॉक्सवरचा आकडा तयार. पण मामांनी जोडले होते दोनच स्पीकर, त्यामुळे हजाराचा प्रश्नच नव्हता. राहिले १५०. तेही कसे मोजले होते, ते मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात सापडलं. एकच चॅनेल चालू, ६ ओहमचा लोड, फक्त १ किलोहर्ट्झचा सूर आणि १० टक्के टीएचडी.

टीएचडी म्हणजे आवाजात मिसळलेली विकृती. १० टक्के टीएचडीला आवाज स्पष्टपणे फाटलेला ऐकू येतो. म्हणजे १५० हा आकडा ॲम्प फाटायला लागल्यानंतरचा आहे.

हा प्रकार नवा नाही. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’ नावाचे हजारोंचे आकडे छापलेले असायचे, ते आठवत असतील. त्याला मोजमापाची ठरलेली पद्धतच नव्हती. अमेरिकेत तर असल्या दाव्यांना लगाम घालायला १९७४ मध्येच सरकारी नियम आला.

अजून एक सोपी खूण आहे. ॲम्पच्या मागच्या पट्टीवर विजेचा वापर लिहिलेला असतो. मामांच्या रिसीव्हरवर होता ४३० वॅट. हा आकडा कमाल मर्यादा नसतो, ठरावीक चाचणीतला वापर असतो. पण भिंतीतून ४३० घेणारा डबा स्पीकरला सतत हजार देणार नाही, एवढं तर कळतं.

त्यामुळे वॅट वाचताना सोबत चार गोष्टी शोधा. किती ओहमला? किती चॅनेल एकाच वेळी चालू? २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या पूर्ण पट्ट्यात की एकाच सुराला? आणि किती टक्के टीएचडीला? हे चारही लिहिलं नसेल, तर तो आकडा जाहिरातीचा समजा.

स्पीकर ‘जड’ असतो म्हणजे काय?

इथे वजनाचा संबंध नाही. स्पीकर जड म्हणजे ॲम्पला चालवायला अवघड. त्याची तीन कारणं असतात.

पहिलं, सेन्सिटिव्हिटी. स्पीकरला १ वॅट दिला तर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. ८६ ते ८९ म्हणजे मध्यम. ८५ च्या खाली गेला की स्पीकर ताकद मागतो. बीबीसीने सत्तरच्या दशकात स्टुडिओसाठी बनवलेला एलएस३/५ए हा छोटासा स्पीकर ८२-८३ च्या आसपास आहे. उलट क्लिप्शचे मोठे हॉर्न स्पीकर १०० च्याही पुढे जातात. ३ डेसिबल वाढवायला ताकद दुप्पट लागते आणि १० डेसिबलला दहापट. म्हणजे ८३ आणि ९३ च्या स्पीकरमध्ये फरक दहापट वॅटचा आहे. स्पीकरच्या आकारावरून हे कळत नाही.

दुसरं, इम्पिडन्स. स्पीकर विजेला किती अडवतो, ते ओहममध्ये मोजतात. मागच्या पट्टीवर ८, ६ किंवा ४ लिहिलेलं असतं, पण ती सरासरी असते. प्रत्येक सुराला इम्पिडन्स बदलत राहतो. उदाहरण घ्यायचं तर केईएफचा एलएस५० हा २०१२ चा गाजलेला स्पीकर. कागदावर ८ ओहम, पण कंपनीच सांगते की तो ३.२ ओहमपर्यंत खाली येतो. आणि त्याची सेन्सिटिव्हिटी ८५ आहे. ऐंशीच्या दशकातला अपोजी सिंटिला हा स्पीकर तर १ ओहमसाठी कुप्रसिद्ध होता. तो जोडला की भलेभले ॲम्प हात टेकायचे.

तिसरं, फेज. साध्या बल्बला व्होल्टेज वाढलं की त्याच क्षणी करंट वाढतो. स्पीकरमध्ये कॉइल असते, क्रॉसओव्हरमध्ये कपॅसिटर असतात. त्यामुळे करंट कधी व्होल्टेजच्या पुढे पळतो, कधी मागे राहतो. मग असे क्षण येतात की करंट भरपूर वाहतोय, पण स्पीकरवर व्होल्टेज कमी आहे. उरलेलं व्होल्टेज जातं कुठे? ॲम्पच्या ट्रान्झिस्टरवर. तिथे त्याची उष्णता होते. कागदावर ४ ओहम दिसणारा स्पीकर अशा वेळी ॲम्पला त्याहून बराच कमी ओहमचा वाटतो.

पुण्याची केडन्स ही कंपनी हायब्रिड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवायची आणि ते परदेशातही विकले गेले. इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकरचा पडदा विजेच्या भाषेत एक मोठा कपॅसिटरच असतो. सूर जितका वर जातो, तितका त्याचा इम्पिडन्स खाली येतो. जड स्पीकर म्हणजे काय, त्याचं हे अगदी नमुनेदार उदाहरण.

सोलापूरकरांना पाण्यावरून लगेच कळेल

आपल्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे गच्चीवरच्या टाकीचं गणित प्रत्येक घराला पाठ असतं. टाकी किती उंचावर आहे, ते झालं व्होल्टेज. नळातून वाहणारं पाणी म्हणजे करंट. आणि नळ किती घट्ट बंद आहे, तो इम्पिडन्स.

८ ओहमचा स्पीकर म्हणजे अर्धवट उघडलेला नळ. ४ ओहम म्हणजे तो दुप्पट उघडला. उंची तीच, पण पाणी दुप्पट वाहायला पाहिजे. पाइप जाड आणि टाकी मोठी असेल तर वाहतं. पाइप बारीक असेल तर नळ कितीही उघडा, धार तेवढीच. ॲम्पमधला ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर आणि आउटपुट ट्रान्झिस्टर हे तुमचे पाइप आणि टाकी आहेत.

म्हणून जड स्पीकरसाठी ॲम्प निवडताना ‘किती वॅट’ याच्या आधी ‘किती करंट’ हा प्रश्न येतो.

खरंच किती वॅट लागतात? हिशोब करूनच बघू

मामांच्या स्पीकरचे कागदावरचे आकडे असे होते. सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल, २.८३ व्होल्टला. इम्पिडन्स ४ ओहम, कमीत कमी ३.

इथे पहिली गंमत. २.८३ व्होल्ट ८ ओहमला दिले तर १ वॅट होतो. पण ४ ओहमला दिले तर २ वॅट. म्हणजे कंपनीने २ वॅट देऊन ८७ मोजले. १ वॅटला हा स्पीकर ८४ डेसिबलचाच.

आता बसायची जागा स्पीकरपासून १० फूट, म्हणजे साधारण ३ मीटर. अंतरामुळे सुमारे ९.५ डेसिबल कमी होतात. दोन स्पीकर आहेत म्हणून ३ वाढवा. बंद खोलीत भिंतींवरून आवाज परत येतो, त्याचे अंदाजे ३ धरा. गोळाबेरीज, प्रत्येक स्पीकरला १ वॅट दिला तर सोफ्यावर साधारण ८० डेसिबल.

घरात रंगून गाणं ऐकायचं तर सरासरी ७८ डेसिबल भरपूर झाले. म्हणजे लागला किती? १ वॅटही नाही.

मग मोठा ॲम्प हवाच कशाला? उत्तर आहे हलगीत. मिरवणुकीत हलगीची काडी पडते तो क्षण आठवा. तो कडाका सेकंदाच्या छोट्याशा भागात येऊन जातो, पण सरासरी आवाजापेक्षा कितीतरी वर असतो. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये असे क्षण सरासरीच्या १५ ते २० डेसिबल वर जातात. तबल्याच्या डग्ग्याची घुमक, ऑर्केस्ट्राचा चढ, सगळ्याचं असंच.

७८ वर १९ मिळवले की ९७ डेसिबल. ८० पासून ९७ म्हणजे १७ डेसिबल जास्त, म्हणजे ५० पट. म्हणून ५० वॅट. थोडी मोकळी जागा ठेवायला दुप्पट करा. झाले १०० वॅट, पण ४ ओहमला आणि दोन्ही चॅनेल चालू असताना.

या १०० वॅटसाठी २० व्होल्ट आणि ५ अँपिअर लागतात. लाटेच्या टोकाला व्होल्टेज २८ च्या पुढे जातं आणि त्याच क्षणी स्पीकर ३ ओहमवर असेल, तर करंट ९ अँपिअरच्या वर. ॲम्पची खरी परीक्षा इथे होते.

मामांनी त्या दुपारी आवाज अजून दहा डेसिबलने वाढवला होता. म्हणजे टोकाच्या क्षणाला ५० चे झाले ५००. रिसीव्हरने हात वर केले, यात त्याची चूक नव्हती.

कमी वॅटचा ॲम्प स्पीकरला सुरक्षित असतो ना?

हा सगळ्यात मोठा गैरसमज. ॲम्पची ताकद संपली की तो लाटेचं टोक कापतो. याला क्लिपिंग म्हणतात. गोलसर लाट चौकोनी व्हायला लागते. पूर्ण चौकोनी झालेली लाट त्याच उंचीच्या गोलसर लाटेच्या दुप्पट ताकद देते. त्यात वरच्या पट्टीतली ऊर्जा वाढते आणि ती जाते ट्विटरकडे. ट्विटरची कॉइल केसासारख्या बारीक तारेची असते. ती जळते.

म्हणजे ५० वॅटचा ॲम्प फाटेपर्यंत वाजवण्यापेक्षा १०० वॅटचा ॲम्प निवांत वाजवणं स्पीकरसाठी जास्त सुरक्षित. आवाज फाटतोय, खरखरतोय असं वाटलं की व्हॉल्यूम लगेच खाली आणा. अर्थात मोठा ॲम्प बेफाम वाजवला तरी स्पीकर जाऊ शकतो, हेही तितकंच खरं.

दुकानात स्पेसिफिकेशन कसं वाचायचं?

समजा, तुमच्यासमोर दोन ॲम्प आहेत. पहिला ८ ओहमला १०० वॅट. ४ ओहमचा आकडा कुठेच नाही आणि मागे लिहिलंय, ‘६ ते १६ ओहमचे स्पीकर जोडा’. दुसरा ८ ओहमला ६० आणि ४ ओहमला ११० वॅट. जड स्पीकरसाठी दुसरा घ्या. ओहम निम्मे झाल्यावर त्याची ताकद जवळपास दुप्पट होते. म्हणजेच त्याचा पाइप जाड आहे. २ ओहमचाही आकडा कंपनीने दिला असेल, तर अजून चांगलं.

रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये ‘४ ओहम’ असा पर्याय दिसला तर हुरळून जाऊ नका. बऱ्याच रिसीव्हरमध्ये त्यामुळे आतलं व्होल्टेज कमी केलं जातं, म्हणजे डबा तापत नाही. पण ताकदही कमी होते.

वजनही बोलतं. जुन्या पद्धतीच्या ॲम्पमध्ये मोठा ट्रान्सफॉर्मर आणि मोठे हीटसिंक असले की डबा उचलताना कळतं. मात्र क्लास डी ॲम्पला ही कसोटी लागू नाही. त्यांचा पॉवर सप्लायच हलका असतो.

डॅम्पिंग फॅक्टर नावाचा आकडाही मिरवला जातो. स्पीकरच्या कोनला ॲम्प किती घट्ट धरून ठेवतो, त्याचा हा अंदाज. तो अगदी कमी असेल तर बेस सैल वाटतो. पण ५० च्या पुढे २०० की १०००, या चर्चेत पडू नका. मधली वायरच तो फरक खाऊन टाकते.

सोलापूरचा उन्हाळा आणि लाइटचं व्होल्टेज

परदेशी रिव्ह्यूमध्ये हा भाग सापडणार नाही, पण आपल्यासाठी तो निम्मा विषय आहे.

ॲम्पचा हीटसिंक खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंश जास्त तापतो. समजा ३० अंश. २५ अंशांच्या खोलीत तो ५५ वर थांबेल. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ४० ला पोचली, तर तो ७० वर. अनेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये ॲम्प ३५ किंवा ४० अंशांपर्यंतच्या जागेत वापरा, असं लिहिलेलं असतं. आणि मामांनी तो बंद कपाटात ठेवला होता! इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्यही दर १० अंशांना साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्समधला ठोकताळा आहे.

इथे ॲम्पचा क्लासही बघायला लागतो. क्लास ए ॲम्प गाणं वाजो न वाजो, सतत वीज घेऊन तापत राहतो. शौकिनांना तो आवडतो, पण एसी नसलेल्या सोलापूरच्या घरात तो म्हणजे हिटर. क्लास एबी हा मधला मार्ग, बहुतेक घरगुती ॲम्प याच प्रकारचे. क्लास डी मधली नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचू शकते, त्यामुळे तो सगळ्यात कमी तापतो. पूर्वी क्लास डीला नाकं मुरडली जायची. आता चांगल्या डिझाइनचे क्लास डी ॲम्प ४ ओहमचा जड स्पीकर आरामात चालवतात. आपल्या हवेत हा मुद्दा त्यांच्या बाजूने जातो.

व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्यूबचा ॲम्प घ्यायचा असेल तर जरा थांबा. त्याचा आवाज अनेकांना गोड वाटतो. पण त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असतो. स्पीकरचा इम्पिडन्स खूप वर-खाली होत असेल, तर आवाजाचा तोलच बदलतो.

आता व्होल्टेज. घरात २३० व्होल्ट यायला पाहिजेत. संध्याकाळी लोड वाढून ते १९० वर आले, तर साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पमध्ये आतलं व्होल्टेजही त्याच प्रमाणात घटतं. ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते. १९० भागिले २३०, त्याचा वर्ग, ०.६८. म्हणजे तुमचा १०० वॅटचा ॲम्प ६८ वॅटचा झाला. कानाला फरक दोन डेसिबलपेक्षा कमी, पण क्लिपिंग तेवढं लवकर येणार. खरा धोका उलट दिशेला आहे. व्होल्टेज २६० च्या पुढे गेलं तर कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर आपल्या मर्यादेजवळ जातात. व्होल्टेज सतत नाचत असेल तर ॲम्पच्या वापरापेक्षा दीडपट क्षमतेचा चांगला स्टॅबिलायझर लावा. आणि तीन पिनचा प्लग, घरात नीट अर्थिंग, यात तडजोड करू नका. बारीक ‘हम्’ असा आवाज येत असेल तर सुरुवात तिथूनच करा.

डीजेचा ॲम्प, असेंबल ॲम्प आणि अमेरिकेतून आलेला ॲम्प

डीजेचा किंवा मंडपवाल्यांकडचा ॲम्प घरी चालेल का? विजेच्या दृष्टीने चालतो. यातले बरेच ॲम्प २ किंवा ४ ओहमसाठीच बनवलेले असतात आणि करंट भरपूर देतात. अडचण वेगळी आहे. त्यांचे पंखे सतत घोंघावतात. हळू आवाजात तानपुरा ऐकायचा असेल तर त्यात पंख्याचाही सूर मिसळतो. घ्यायचाच असेल तर आधी घरी आणून, रात्रीच्या शांततेत ऐकून बघा.

असेंबल ॲम्प? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आजही बोर्ड, ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक सगळं मिळतं. चांगला कारागीर असेल तर कमी पैशात दणकट ॲम्प बनतो. फक्त दोन गोष्टी विचारा. ट्रान्सफॉर्मर किती व्हीएचा? ४ ओहमच्या दोन स्पीकरना प्रत्येकी १०० वॅट द्यायचे तर ३०० व्हीएच्या आसपास हवा. आणि प्रत्येक चॅनेलला आउटपुट ट्रान्झिस्टरच्या किती जोड्या? जड स्पीकरला एकाच जोडीवर भरवसा ठेवू नका. २एससी५२०० आणि २एसए१९४३ ही जोडी फार लोकप्रिय आहे, म्हणून बाजारात तिचे नकली नगही भरपूर आहेत. स्पीकर जोडायच्या आधी प्रोटेक्शन सर्किट आहे ना, याची खात्री करा. ते नसेल आणि ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, तर थेट डीसी जाऊन वूफर जळतो.

मुलगा किंवा पुतण्या अमेरिकेतून ॲम्प आणतोय? मागची पट्टी बघायला सांगा. तिथे फक्त १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. पण त्याने व्होल्टेज बदलतं, हर्ट्झ नाही. फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो. ५०/६० दोन्ही लिहिलेलं असेल तरच आणा.

या चुका हमखास होतात

एक, ‘ए प्लस बी’ बटण. ४ ओहमच्या दोन जोड्या एकत्र लावल्या तर बहुतेक ॲम्पमध्ये त्या समांतर जोडल्या जातात आणि लोड होतो २ ओहम.

दोन, ब्रिजिंग. दोन चॅनेल जोडून एक मोठा चॅनेल करता येतो, पण मग ४ ओहमचा स्पीकर प्रत्येक चॅनेलला २ ओहमचा वाटतो. मॅन्युअलमध्ये परवानगी असल्याशिवाय नको.

तीन, महागडी वायर. विजेच्या दुकानातली २.५ चौरस मिलिमीटरची मल्टिस्ट्रँड तांब्याची वायर घ्या. ५ मीटरच्या लांबीला जाऊन-येऊन रेझिस्टन्स फक्त ०.०८ ओहमच्या आसपास येतो. ४ ओहमच्या स्पीकरला तेवढं पुरतं. वाचलेले पैसे ॲम्पमध्ये घाला.

चार, शेजारी. रहिवासी भागात आवाजाची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. चांगला ॲम्प घ्यायचा तो कमी आवाजातही बारकावे ऐकू यावेत आणि हलगीचा कडाका न फाटता यावा म्हणून. अख्ख्या सोसायटीला ऐकवायला नाही.

शेवटी मामांनी काय केलं?

दोन लाखांचा ॲम्प घेतला नाही. स्पीकरही विकले नाहीत.

रिसीव्हरच्या मागे बघितलं तर ‘प्री-आउट’ नावाची दोन भोकं होती. म्हणजे रिसीव्हरला फक्त प्री-ॲम्पचं काम द्यायचं आणि समोरच्या दोन स्पीकरची ताकद वेगळ्या पॉवर ॲम्पकडून घ्यायची. सगळ्याच रिसीव्हरना ही सोय नसते, त्यामुळे आधी तपासा. शिवाय एक आकडा जुळवावा लागतो. ४ ओहमला १०० वॅट म्हणजे २० व्होल्ट. ॲम्पचा गेन २६ डेसिबल, म्हणजे २० पट असेल, तर त्याला प्री-आउटकडून १ व्होल्ट लागतो. मामांच्या रिसीव्हरच्या मॅन्युअलमध्ये प्री-आउट १ व्होल्ट लिहिलं होतं. जमलं.

मग दोन चॅनेलचा, ४ ओहमला १२० वॅट देणारा एक वापरलेला क्लास डी पॉवर ॲम्प मिळाला. घेण्याआधी मामांनी अट घातली की स्पीकर आणि गाणी आपली असतील आणि किमान तासभर वाजवून बघणार. विकणारा तयार झाला. तासाभराने मामांनी डब्यावर हात ठेवून पाहिला. कोमट होता.

आता ॲम्प कपाटाबाहेर आहे, वर वीतभर जागा मोकळी सोडून. परवा गेलो तेव्हा ‘सैराट’च चालू होतं. ऑर्केस्ट्रा चढला, मामांनी सवयीने डिस्प्लेकडे बघितलं. ‘प्रोटेक्ट’ काही आलं नाही. आतून मामींचा आवाज मात्र आला, “अहो, जरा हळू!”